नुसतं बसणं

माझ्या हातून लिहिला गेलेला एक शब्द गेली कित्येक वर्षं माझा पिच्छा सोडत नाही. शब्द साधा आहे: 'हलके'.

कारखान्यातल्या कामाच्या मोजणीसाठी आमच्याकडे एक छापील तक्ता असायचा. कामाचं नाव, माणसं किती, पाळी कोणती, आणि शेवटच्या रकान्यात श्रमाची प्रत: हलके, मध्यम, जड, अतिजड. मी नोकरीत नवा होतो. गळ्यात स्टॉपवॉच, हातात पॅड, आणि जे मोजता येतं तेच खरं, अशी पक्की समजूत. सकाळी मी ट्रकमधून पोती उतरवणाऱ्या हमालांच्या नावासमोर 'अतिजड' लिहिलं. संध्याकाळी कंट्रोल रूममध्ये, म्हणजे यंत्रांवर नजर ठेवायच्या खोलीत, गेलो आणि पॅनलवर बसलेल्या ऑपरेटरकडे वीस मिनिटं पाहत राहिलो. त्या वेळात तो दोनदा खुर्चीत सरकला, एकदा पाणी प्यायला आणि एकदा समोरच्या वहीत काहीतरी लिहिलं. मी 'हलके' लिहून बाहेर पडलो.

त्या शब्दावरून पुढे बरंच ठरलं. हमालांना दर तासाला विसावा मंजूर झाला. पॅनलवरच्या माणसाला मधे सुटका करणारा दुसरा माणूस मिळाला नाही. "नुसतं बसूनच तर असतात," असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. मी तिथेच होतो आणि मला ते पटलं होतं.

आधी हमालांबद्दल, कारण त्यांचं काम मला कळलंय असं मला वाटत होतं.

पन्नास किलोचं पोतं. फळीवरून खाली यायचं, पंचवीस-तीस पावलं चालायचं, थप्पीला लावायचं आणि रिकाम्या पाठीने परत. खेपा मोजल्या, सेकंद मोजले, पोत्यांचा आणि खेपांचा गुणाकार केला आणि दिवसाचं टनांतलं वजन काढलं. हे वजन म्हणजे भार. तो सगळ्यांना सारखाच असतो. पण त्या भाराने एकेका माणसाच्या आत काय होतं ही गोष्ट वेगळी, आणि श्रम मोजण्याच्या शास्त्रात ती वेगळीच धरतात: बाहेरून येतो तो भार, आत पडतो तो ताण. पुस्तकात हे वाक्य मी परीक्षेपुरतं वाचलं होतं. ते समजलं एका वयस्कर हमालाच्या, मामांच्या, मनगटावर बोट ठेवल्यावर.

नाडी मोजण्याची एक जुनी, साधी पद्धत आहे. लुसियन ब्रूहा नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १९६० च्या आसपास ती कारखान्यांसाठी मांडली. काम थांबवून माणसाला बसवायचं आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मिनिटाच्या शेवटच्या तीस सेकंदांचे ठोके मोजायचे. पहिल्या मिनिटाची नाडी ११० च्या वर जात नसेल आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत ती निदान दहाने उतरत असेल, तर शरीर प्रत्येक वेळी आपला हिशेब पुरा करतंय. ती उतरायला तयार नसेल तर उधारी साचतेय. यंत्र लागत नाही, तोंडाला नळी लावावी लागत नाही. नुसतं मनगट धरायचं.

ट्रक एकच, पोती तीच. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराची नाडी पहिल्या मिनिटातच शंभराच्या खाली आली. मामांची तिसऱ्या ट्रकानंतर पहिल्या मिनिटाला ११० च्या बरीच वर होती आणि तिसऱ्या मिनिटालाही जवळजवळ तिथेच घुटमळत होती. आठ तास चालणाऱ्या कामात माणसाने आपल्या श्वासाच्या कमाल कुवतीच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त खर्चू नये, असा एक ठोकताळा आहे. ही कुवत वयाबरोबर उतरते. पोतं काही वयाबरोबर हलकं होत नाही. पोराच्या एक तृतीयांशात बसणारं काम मामांच्या निम्म्याच्या पुढे जात होतं, आणि माझ्या तक्त्यात दोघांसमोर एकच शब्द होता. त्यात वरून पत्र्याचं छप्पर. उन्हाने तापलेल्या जागी हृदयाला दोन कामं करावी लागतात: स्नायूंना रक्त पुरवायचं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीकडेही रक्त वळवायचं. त्यामुळे दुपारच्या नाडीतले किती ठोके पोत्याचे आणि किती पत्र्याचे, हे बोटाला कळत नाही.

मी मामांना विचारलं, "किती त्रास होतोय?"

"काही नाही साहेब, सवय आहे."

मुकादम शेजारी उभा होता. तो चहाला गेल्यावर मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिसऱ्या ट्रकाला पाय माझे राहत नाहीत. पण हे लिहू नका. उद्या मला म्हणतील, तुम्ही आता घरी बसा."

मी लिहिलं नाही. आणि तेव्हा कळलं की माणसाला विचारून मिळालेला आकडा, विचारणारा कोण आहे आणि शेजारी कोण उभं आहे, यावर ठरतो. नाडी खोटं बोलत नाही हे खरं. पण ती फार थोडं बोलते.

विचारण्याचीही साधनं आहेत, आणि ती हुशारीने घडवलेली आहेत. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची पट्टी प्रसिद्ध आहे: ६ पासून २० पर्यंत. सहापासूनच का, असा प्रश्न पहिल्यांदा प्रत्येकाला पडतो. निरोगी तरुण माणसाची नाडी विश्रांतीत साठच्या आसपास असते आणि जिवाच्या आकांताने धावताना दोनशेच्या जवळ जाते. माणसाने सांगितलेल्या आकड्यावर एक शून्य ठेवलं की साधारण नाडी निघावी, अशी ती बेतलेली. मला हे फार देखणं वाटतं. माणूस जे सांगतो आणि त्याचं हृदय जे सांगतं, या दोहोंमध्ये कुणीतरी पूल बांधायला बसलं होतं.

पण तो पूल भाषेवरून जातो. आमच्याकडे पट्टीचं भाषांतर होतं. तेराच्या समोर 'काहीसे कठीण', पंधराच्या समोर 'कठीण'. त्यावर बोट ठेवून एक हमाल मला म्हणाला, "पोतं उचलणं कठीण नाही साहेब. कठीण काय त्यात? जड आहे."

मराठीत गणित कठीण असतं, प्रसंग कठीण असतो. अंगमेहनतीचं काम जड असतं, अवजड असतं, जिवावर येतं. आम्ही त्यांना त्यांच्या अंगाबद्दल विचारत होतो आणि शब्द शाळेतले वापरत होतो. त्या दिवसापासून मी ऐकायला लागलो की ही माणसं आपापसांत काय म्हणतात. एका महिन्यात वहीचं पान भरलं. 'दमलो' म्हणजे श्वास पुरत नाही, बसलं की जातं. 'थकलो' म्हणजे बसून भागत नाही. 'शिणलो' म्हणजे रात्रीची झोप लागेल. 'अंग आंबलं' हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं, उठताना. 'गळालो' म्हणजे हातापायांतलं बळच गेलं, बहुतेक वेळा उन्हाने. 'कंबर धरली' ही वेगळीच गोष्ट, तिला विसाव्याने नव्हे तर पोत्याच्या उंचीने उत्तर द्यावं लागतं. आणि 'जीव मेटाकुटीला आला' हे मी फक्त एकदा ऐकलं, पाऊस येण्याआधी ट्रक खाली करायचा होता त्या दिवशी.

वरवर पाहता हे सगळे 'थकवा'. पण प्रत्येकाचं कारण वेगळं, जागा वेगळी, उतरण्याचा वेळ वेगळा. दमलेल्याला पाच मिनिटं द्या, तो उठेल. अंग आंबलेल्याला पाच मिनिटं देऊन उपयोग नाही, त्याचं उत्तर कालच्या कामात आहे. एका आकड्यात हे सगळं बसवताना जे सांडतं, तेच नेमकं कामाचं असतं.

पोत्याच्या उंचीचं निघालंच आहे तर तेही सांगतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने वजन उचलण्यासाठी एक सूत्र दिलं आहे, १९८१ चं, नंतर १९९१ मध्ये सुधारलेलं. ते सुरू होतं २३ किलोपासून. हे २३ किलो सगळं मनासारखं असेल तर: वस्तू अंगाला लागून, हात टेकतील ती उंची जमिनीपासून पाऊण मीटर, कंबर न वळवता, धरायला चांगली मूठ, आणि क्वचितच उचलायची. यातलं एकेक बिघडत गेलं की आकडा कमी होत जातो. वस्तू पंचवीसऐवजी पन्नास सेंटीमीटर दूर धरावी लागली की अर्धा. तीच जमिनीवरून उचलायची असेल तर आणखी जवळजवळ पाव भाग जातो. फक्त या दोन गोष्टींनी २३ चे नऊ किलोसुद्धा उरत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोच्या वरचं ओझं लवकरात लवकर खाली आणावं, असं आहे. ५५ आणि नऊ, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळे प्रश्न विचारतात. आणि पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्याला नायॉशचं सूत्र लागूच होत नाही. ते दोन्ही हातांनी उचलून ठेवण्याचं सूत्र आहे. मी पहिल्या वर्षी ते हमालांना लावलं होतं. आकडे सुबक आले होते.

कंट्रोल रूममध्ये मी परत गेलो तो वर्ष-दीड वर्षाने. एका रात्री एक अलार्म वाजला होता आणि ऑपरेटरने तो पाहूनही त्यावर हालचाल करायला उशीर केला होता. मोठं काही झालं नाही, थोडा माल वाया गेला. चौकशीच्या कागदात 'निष्काळजीपणा' असं आलं. त्या कागदाला जोडलेल्या पुराव्यात माझा जुना तक्ता होता. काम हलके, म्हणून चूक अक्षम्य.

मी रात्रपाळीला त्या ऑपरेटरशेजारी बसायची परवानगी मागितली. वीस मिनिटं नव्हे, दहा ते सहा.

पहिला तास मला आवडला. पडद्यांवर आकडे, रेघा, हिरवे ठिपके. काय कुठलं हे तो समजावत होता. दुसऱ्या तासात बोलणं संपलं. साडेबाराच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की मी पडद्याकडे बघतोय पण गेल्या काही मिनिटांत काय पाहिलं ते मला सांगता येणार नाही. आकडे हलत होते, म्हणजे काही घडत नव्हतं असंही नाही. पण जे घडत होतं त्यातलं काहीही माझ्याकडे काही मागत नव्हतं. दोन वाजता डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं, कारण पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात. मान अवघडली. स्नायू हलत राहिला तर त्याला रक्त मिळतं, एकाच जागी ताणून धरला तर मिळत नाही. जर्मनीतल्या वॉल्टर रोहमर्ट यांनी १९६० मध्ये दाखवलं की पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोराने स्नायू धरून ठेवला तर माणूस मिनिटभरच टिकतो. मान काही निम्म्या जोराने धरलेली नसते, फार थोड्या जोराने असते. पण मिनिटभर नव्हे, रात्रभर. 'नुसतं बसणं' हे शरीराच्याही बाजूने खरं नव्हतं.

तीनच्या सुमाराला तो म्हणाला, "साहेब, हमालाला तुम्ही विचारता, किती पोती उचलली. मला काय विचारणार? किती वेळा काही झालं नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं म्हणजे हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात विचारला गेला होता. पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या विमानांतले रडारवाले पडद्यावरच्या खुणा चुकवत होते आणि ते का, हे ब्रिटिश हवाई दलाला जाणून घ्यायचं होतं. केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी एक घड्याळ बनवलं. पांढऱ्या पाटीवर एकच काटा, दर सेकंदाला एक उडी, शंभर उड्यांत एक फेरा. मधूनच काटा दुप्पट उडी मारायचा. ती दिसली की बटण दाबायचं. दोन तास, एवढंच काम. १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासातच चुकलेल्या उड्या वाढायला लागतात. माणूस प्रशिक्षित होता, प्रामाणिक होता, जागा होता. तरी अर्धा तास. अर्धा तास पाळत आणि अर्धा तास सुटी अशी आलटून पालटून पाळी लावली तर मात्र नजर टिकून राहत होती.

अर्धा तास! आमचा माणूस आठ तास बसत होता.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. जे शोधायचं ते जितकं दुर्मीळ, तितकं ते डोळ्यांसमोर असूनही निसटतं. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सामानाच्या एक्स-रे तपासणीसारखा प्रयोग केला. निम्म्या चित्रांत हवी ती वस्तू असताना लोकांनी ७ टक्के वस्तू चुकवल्या. शंभरातल्या एकाच चित्रात ती असताना ३० टक्के. डोळे तेच, वस्तू तीच. मेंदू फक्त अनुभवातून शिकला होता की बहुतेक वेळा काही नसतं. म्हणजे कारखाना जितका सुरळीत चालेल, तितकी पॅनलवरच्या माणसाची नजर आपोआप बोथट होत जाणार. त्याच्या निष्काळजीपणाचं मूळ आमच्या चांगल्या देखभालीत होतं, हे चौकशीच्या कागदात कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग मी मानसिक भार मोजायला निघालो आणि पहिल्याच पावलाला अडलो. अंगमेहनतीला प्राणवायू लागतो, तो मोजता येतो. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असून शरीराच्या ऊर्जेतला सुमारे वीस टक्के वाटा खातो, पण तो आराम करतानाही जवळपास तेवढाच खातो. अवघड विचार करताना त्यात पडणारा फरक इतका थोडा की श्वासावरून कळणार नाही. डोळ्याची बाहुली मोठी होते, ते खरं. डॅनियल काहनेमन आणि जॅक्सन बीटी यांनी १९६६ मध्ये दाखवलं की लक्षात ठेवायला दिलेला एकेक आकडा वाढतो तशी डोळ्याची बाहुली रुंदावते आणि आकडे म्हणून दाखवले की आकसते. नाडीच्या ठोक्यांमधलं अंतर एरवी थोडं पुढेमागे होत असतं, एकाग्र झाल्यावर ते जास्त एकसारखं होतं. ही सगळी चिन्हं प्रयोगशाळेत सुंदर दिसतात. रात्री तीन वाजता, पडद्याच्या उजेडात, झोप दाबून बसलेल्या माणसात एका चिन्हावर दुसरं चढतं.

म्हणून परत विचारण्याकडे. सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी नासामध्ये तयार केलेली, १९८८ मध्ये छापलेली सहा पट्ट्यांची प्रश्नावली आज जगभर वापरतात. डोक्याचं काम किती, अंगाचं किती, वेळेची घाई किती, आपल्याला काम कितपत जमलं, त्यासाठी झटावं किती लागलं, आणि सहावी पट्टी मनाच्या जाचाची. मग या सहांच्या जोड्या लावून, पंधरा वेळा विचारायचं: या दोहोंत तुमच्या कामाचा भार जास्त कशामुळे? मला ही पंधरा चिठ्ठ्यांची युक्ती प्रश्नावलीपेक्षाही आवडते. भार किती एवढंच ती विचारत नाही, तुमच्या मते भार म्हणजे काय, हेही विचारते.

सहाव्या पट्टीचं आमच्या कागदावर भाषांतर होतं 'निराशा'. ऑपरेटरने ती पट्टी कोरी ठेवली. मी कारण विचारलं.

"निराशा कशाला असेल साहेब? नोकरी चांगली आहे. वैताग आहे."

मी 'निराशा' खोडून 'वैताग' लिहिलं. त्याने पेन घेतलं आणि खूण केली ती जवळजवळ उजव्या टोकाला. डोक्याच्या कामाची खूण तिच्या खालोखाल. अंगाच्या कामाची अगदी डावीकडे, घाईची त्याहून डावीकडे. ज्या पट्ट्या बाहेरून दिसतात त्या रिकाम्या, आणि ज्या दिसत नाहीत त्या भरलेल्या. नंतर वाचताना कळलं की हे त्याच्या एकट्याचं नव्हतं. जोएल वॉर्म, राजा परसुरामन आणि जेराल्ड मॅथ्यूज यांनी पाळतीच्या कामांवरचं बरंच संशोधन २००८ मध्ये एकत्र मांडलं, आणि त्यांचं म्हणणं शीर्षकातच होतं: सावध राहणं हे कष्टाचं मानसिक काम आहे आणि त्याने ताण येतो. त्याआधी बरेच जण उलटं मानत, की कामात चेतना नाही म्हणून मेंदू पेंगतो. मीही तेच मानलं होतं.

कंटाळलेल्या माणसाला आपण आळशी समजतो, पण इथे तो कंटाळ्याशी झुंजत असतो आणि ती झुंजच काम असतं. 'डोळ्यांत तेल घालून' असं आपण म्हणतो. तेल घातलेल्या डोळ्यांची आग होते, हे त्या वाक्प्रचारात पहिल्यापासूनच आहे.

मानसिक भारावर एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १००७५. त्यातल्या व्याख्या कोरड्या आहेत, पण मला त्यात माझ्या वहीचं पान सापडलं. भाराच्या वाईट परिणामांचे तिथे वेगवेगळे प्रकार केले आहेत: मानसिक थकवा, एकसुरीपणाने येणारी गुंगी, सावधपणा ढळणं, आणि तेच ते पुन्हा करावं लागल्याने उठणारा तिटकारा. आपल्याकडे या चौघांना घरचे शब्द आहेत. डोकं शिणतं. मरगळ येते. डोळ्यांवर झापड येते. आणि चौथ्याला वीट येतो. इंग्रजीतून आलेल्या प्रश्नावलीत वीट येण्यासाठी मला कधी रकाना दिसला नाही, आणि मराठीत तो शब्द पोरांच्याही तोंडी असतो.

भेद केवळ शब्दांचा नाही. शिणलेल्या डोक्याला विश्रांती लागते आणि ती वेळ घेते. मरगळ आणि झापड काम बदललं की पटकन उतरतात. मग विसावा द्यायचा की दुसरं काम द्यायचं, हे त्या माणसाला नेमकं काय झालंय यावर ठरायला हवं. वीट आलेल्याला तर पाच मिनिटांची सुटी देऊन परत तिथेच बसवणं ही शिक्षाच आहे.

आणि मग उलटा प्रसंग. रात्रभर काही घडत नाही आणि एकदम सगळं घडतं. २८ मार्च १९७९, पहाटे चार वाजता अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात बिघाड झाला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म लागले. दाब सोडणारी एक झडप उघडीच राहिली होती. पॅनलवरचा दिवा मात्र झडप बंद असल्याचं सुचवत होता, कारण झडपेला बंद होण्याचा हुकूम गेला की नाही एवढंच त्या दिव्याला माहीत होतं, झडप खरोखर बंद झाली का हे नव्हे. दोन तासांहून जास्त वेळ ती तशीच राहिली. लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये या अडचणीवर बोट ठेवलं: सोपा भाग यंत्राकडे जातो आणि माणसाकडे दोन कामं उरतात, तासन् तास बघत राहणं आणि यंत्राला जमलं नाही की त्या क्षणी हातात घेणं. पहिलं माणसाला नीट जमत नाही हे मॅकवर्थपासून माहीत आहे. दुसऱ्यासाठी जे कसब लागतं ते रोज हात न लावल्याने गंजतं. ब्रिटनमध्ये अलार्मविषयी जी मार्गदर्शिका उद्योग वापरतात, तिच्या मते एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म नसावा. आमच्याकडे त्या रात्री मी मोजले. आकडा इथे देत नाही, तो त्या कंपनीचा आहे. पण त्यातले बरेचसे असे होते की ऑपरेटर मान न वळवता बटण दाबून ते गप्प करत होता. चौकशीतला तो एक अलार्म अशाच गर्दीतला होता.

पहाटे पाचला नमुना आणायला वर जावं लागतं. लोखंडी जिना, चार मजले. मी त्याच्यामागे निघालो. दुसऱ्या मजल्यावर मला धाप लागली, आणि मी दिवसभर हमालांमागे चालणारा माणूस होतो. सात तास खुर्चीत बसून पाय थकायचं काय कारण?

इटलीतल्या तुरीनचे अँजेलो मोसो यांनी १८९१ च्या आपल्या थकव्यावरच्या ग्रंथात याची नोंद केली आहे. लांब व्याख्यानं आणि तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या दोन प्राध्यापकांच्या स्नायूंची टिकण्याची ताकद कमी भरली होती. २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा यांच्या गटाने तेच सायकलवर तपासलं. दीड तास मन एकाग्र करायला लावणारं काम केल्यावर लोकांनी सरासरी ६४० सेकंदांत सायकल सोडली. ते काम न करता, नुसता माहितीपट पाहून बसल्यावर तेच लोक ७५४ सेकंद टिकले होते. हृदयात, फुप्फुसांत कारण सापडेल असा फरक नव्हता. फरक होता तो जाणवण्यात, बोर्गच्या पट्टीवरचा आकडा सुरुवातीपासूनच वर होता. शरीराला तेवढंच ओझं होतं, पण ते जड लागत होतं.

तक्त्यातले दोन रकाने, अंगाचं काम आणि डोक्याचं काम, मी नेहमी वेगवेगळे भरत आलो होतो. त्या जिन्यावर, कठड्याला धरून, ते एकच असल्याचं माझ्या पिंढऱ्यांना कळलं. आणि मामांचंही आठवलं. फळीवरून उतरताना पाय कुठे पडतो, पोत्याचा तोल कुठे जातोय, मागचा माणूस किती जवळ आलाय, हे सगळं ते डोक्यानेच सांभाळत होते. त्यांच्या नावासमोर डोक्याच्या कामाचा रकाना मी रेघ मारून सोडला होता.

मी नवा अहवाल दिला. दर अर्ध्या तासाला माणूस बदलावा असं लिहिलं. तेवढी माणसं मिळाली नाहीत. तासाने बदल मंजूर झाला, तोही फक्त रात्रपाळीत. बिनकामाचे अलार्म काढायला वर्ष लागलं. हमालांसाठी फळीच्या तोंडाशी कमरेएवढं स्टँड आलं, त्यामुळे पोतं जमिनीवरून उचलणं थांबलं. मामांना मोजणीच्या कामात माझ्याबरोबर घ्यावं असं मी सुचवलं, ते झालं नाही. ऑपरेटरवरचा 'निष्काळजीपणा' काढून टाकावा अशी मी वेगळी चिठ्ठी लिहिली. ती फाइलला लागली. मूळ शब्द त्याच्या नोंदीत राहिला, कारण नोंदीतला शब्द खोडायची पद्धत नव्हती.

मी शेजारी बसलो होतो त्या रात्रीची लॉगवही मी नंतर मागून पाहिली. दर तासाला एक ओळ लिहायची असते. दहाच्या ओळीत 'सर्व यंत्रे सुरळीत चालू' असं नीट, मात्रा-वेलांटीसकट, खाली सही. बारालाही तसंच. दोन वाजता 'सर्व सुरळीत'. तीनला 'सुरळीत'. चारच्या ओळीत नुसता 'सु', त्याच्यापुढे खाली उतरत गेलेली एक रेघ, आणि सही. पाचला नमुना आणायला जिना चढून आल्यावर पुन्हा पूर्ण वाक्य.

मग मागच्या महिन्यांची पानं उलटली. अक्षरं वेगवेगळ्या माणसांची, पण चारची ओळ जवळजवळ प्रत्येक रात्री तशीच होती. ती वही पहिल्या दिवशीही तिथेच टेबलावर उघडी होती, मी 'हलके' लिहिलं तेव्हा.